यूज अँड थ्रो रेझर: स्वस्तात घोटून दाढी होते का?

परळकर
मेडिकलवाल्याला कार्ट्रिजच्या (दांडा तोच ठेवून बदलायची डोकी) पाकिटाचा भाव विचारायचा, "बघतो" म्हणायचं आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी यायचं, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी कार्ट्रिजला रामराम ठोकला. ऑफिस फोर्टला, साहेबांना खुंट चालत नाहीत, त्यामुळे दाढी रोजची. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत जे जे यूज अँड थ्रो रेझर दिसले ते उचलले आणि आलटूनपालटून वापरतोय. क्रीम एकच, ब्रश एकच, पाणी नळाचं. म्हणजे फरक पडलाच तर तो रेझरमुळे पडावा.

कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच नावाच्या दोन पाकिटांतला मालही सारखा निघत नाही, उगाच कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको. रंगावरून ओळखा.

पिवळा, एकपाती. सुटा घेतला तर ८-१० रुपये. दांडा पोकळ, वजन नावालाही नाही. हातात काही धरलंय हेच कळत नाही, मग आपण नकळत दाबतो, आणि दाबलं की ओरखडा आलाच. गालावर मात्र सुरेख चालतो. डोकं हलत नसल्यामुळे जबड्याच्या हाडावर वळताना मनगट वळवावं लागतं, ते जमलं की झकास. मागून मोकळा आहे, मगात एकदा खळबळला की साफ.

निळा, दोनपाती. २०-२५ रुपये. हा सगळीकडे मिळतो. पहिली दाढी अगदी तुळतुळीत होते, गालावर उलटा तळहात फिरवला तरी काही लागत नाही. पण दोन पात्यांच्या फटीत फेस आणि केसांचा एक राखाडी चिखल बसतो. मगाच्या काठावर कितीही आपटा, हलत नाही. नळाखाली पाठीमागून धार सोडली तरच निघतो. चिखल भरला की पाती केस कापायची सोडून ओढायला लागतात.

तीनपाती, हलत्या डोक्याचा, वर हिरवी बुळबुळीत पट्टी. ५० च्या आसपास. आराम ह्याच्यातच जास्त, नाकारत नाही. पण एवढे द्यायचे तर कार्ट्रिजने काय घोडं मारलं होतं? पट्टी दोन-तीन वापरांत पांढरी पडते. तेव्हाही पाती धड असतात, पट्टीकडे बघून रेझर फेकू नका.

हॉटेलच्या खोलीत फुकट मिळतो तो पांढरा. त्याने फेस काढावा, दाढी करू नये.

माझं मत विचाराल तर स्वस्त रेझरने घोटून दाढी होते. मात्र त्यात रेझरचा वाटा कमी आणि आधीच्या दोन-तीन मिनिटांचा जास्त. आंघोळ आटोपून लगेच केली तर पिवळासुद्धा निळ्याच्या तोडीस तोड. कोरड्या तोंडाला फेस फासून घाईत उरकली तर पन्नासवालाही चरचरवतो. तुमचे अनुभव येऊ द्यात. गळ्याचं काय करता ते खास सांगा, माझं गाडं तिथेच अडतंय.

चहाबिस्किट
पहिला! दाढी वाढवा राव. खर्च शून्य.

सीए_आर्टिकल
दाढीचं तेल, दाढीचा कंगवा, वर दर पंधरवड्याला सलूनमध्ये आकार द्यायला शंभरची नोट. शून्य कुठून आला, दाखवा. (ऑडिटवाला आहे.)

ठाणेकर
परळकर, एवढी शोधाशोध करण्यापेक्षा घरातल्या माळ्यावर आजोबांचा धातूचा रेझर सापडतो का बघा. किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये पेटंट मिळालं ते ह्याच कल्पनेचं, दांडा ठेवायचा आणि पातं फेकायचं. दांड्यासकट फेकायची टूम नंतरची. बॉलपेनवाल्या बिकने १९७५ मध्ये तसा रेझर आणला आणि पुढच्याच वर्षी खुद्द जिलेटला आपला फेकाऊ रेझर काढावा लागला. पेन संपलं की फेका, रेझर बोथटला की फेका, एकच डोकं.

आमच्या ठाण्यात सुपरमॅक्सची पाती बनायची, त्यामुळे ह्या विषयात थोडा गावाभिमान आहे. दुहेरी धारेचं पातं आजही ३-५ रुपयांना पडतं आणि त्याला दोन बाजू असतात. तुमच्या निळ्याच्या किमतीत पाकीटभर पाती येतील. शिवाय त्या दांड्याला स्वतःचं वजन असतं, दाबावं लागत नाही. तुमची पिवळ्याबद्दलची तक्रार तिथल्या तिथे मिटते.

परळकर
हिशेब शंभर टक्के मान्य. पण तो रेझर शिकायला वेळ लागतो. पातं कातडीला साधारण ३० अंशांत धरायचं, कोन जरा चुकला की रक्त. सकाळच्या घाईत अर्धवट झोपेत ते कोण करणार? यूज अँड थ्रोमध्ये कोन कारखान्यातच ठरवलेला असतो, डोकं गालावर टेकवलं की झालं. माझ्यासारख्या आळशाला तेवढंच हवंय.

जुना_गिरगावकर
परळकर, तुमच्या त्या राखाडी चिखलावरून आठवलं. मी साबण-ब्लेडच्या वितरणात आयुष्य काढलं, म्हणून थोडं लांबण लावतो, सहन करा.

२००२ च्या सुमारास जिलेटने भारतासाठी एक स्वस्त रेझर आणला, व्हेक्टर. केस दाट, रोज दाढी न करणारी माणसं, तेव्हा पात्यांत केस अडकणार हे त्यांनी ओळखलं होतं. अडकलेले केस ढकलून काढायला प्लॅस्टिकची एक सरकती पट्टीही बसवली होती. चाचणी घेतली अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. पोरं खूश. इथे माल आला आणि बसला. कारण काय, तर तिथल्या बेसिनला चोवीस तास नळ, आणि इथे माणूस मोरीत किंवा अंगणात पाण्याचा मग घेऊन बसलेला. मगातल्या पाण्यात ते केस निघेनात.

मग धडा घेऊन ते लोकांच्या घरात जाऊन बसले, माणसं दाढी कशी करतात ते पाहिलं. त्यातून २०१० मध्ये गार्ड आला. रेझर १५ रुपयांना, पातं ५ रुपयांना. एकच पातं, पुढे कंगव्यासारखे दाते म्हणजे कातडी फुगून पात्यात जाऊ नये, आणि मगात बुडवला की साफ. डोकं बदलता येतं, म्हणून तो तुमच्या यादीत बसत नाही, पण तुमचा पिवळा का धुतला जातो आणि निळा का नाही ह्याचं उत्तर त्यात आहे.

आमच्या चाळीत सकाळी मोरीला रांग लागायची. वडील गॅलरीच्या कठड्यावर आरसा टेकवून, स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन दाढी करत. शेवटी त्या पेल्यातलं पाणी दुधाळ व्हायचं आणि वर केसांची साय धरायची. त्या पाण्यात दोन पात्यांचा रेझर धुऊन दाखवा म्हणावं.

चहाबिस्किट
आता मी चहा कसा पिऊ?

परळकर
गिरगावकर काका, दंडवत. म्हणजे बेसिनला नळ असेल तर दोनपाती, मगावर असाल तर एकपाती. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं, नंतर बादली. उशीर झाला की मी आपोआप पिवळ्याकडे वळतो, ते का हे आत्ता कळलं.

विरारवासी
पाण्याचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं. दादरला मावशीकडे राहायला गेलो की त्याच क्रीमचा डोंगर होतो. आमच्या बिल्डिंगला टँकर आणि बोअरिंगचं पाणी, ब्रश घासघासून हात दुखतो पण फेस येतो आणि लगेच बसतो. रेझर कुठलाही आणा, गाल भाजल्यासारखा.

लोहभस्म
विरारवासी, तुमचं पाणी जड आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून साका तयार करतात, साबण त्यातच खर्ची पडतो, फेसाला उरत नाही. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा ह्या तलावांचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, आणि हलकं. म्हणून दादरला डोंगर. उपाय सोपा आहे. आंघोळ आहे त्या पाण्याने करा, फेसाला आणि ब्रश भिजवायला पेलाभर आरओचं पाणी घ्या. ते नसेल तर उकळून, गाळ खाली बसू देऊन वरचं घ्या. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण बराच जातो.

आता पात्याबद्दल, कारण मी धातूवाला आहे आणि गप्प बसवत नाही. पात्याचं पोलाद केसापेक्षा जवळजवळ पन्नास पट कठीण असतं. तरी केसाने ते बोथट होतं, हे कसं? एमआयटीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केस कापून पाहिले, २०२० मध्ये सायन्स नियतकालिकात ते छापून आलं. आपल्याला वाटतं धार झिजून गोल होत जाते. त्यांना दिसलं ते वेगळंच: धारेच्या कडेचे बारीक टवके उडतात. केस ताठ उभा असेल तर फारसं होत नाही, तो वाकला आणि नेमका पोलादातल्या कमजोर जागेशी आला की टवका. एक उडाला की शेजारचा उडणं सोपं.

ह्यावरून माझा तर्क असा, की केस भिजवणं हे कातडीइतकंच पात्याच्याही भल्याचं आहे. भिजलेला केस पाणी पिऊन मऊ होतो, कापायला जोर कमी लागतो. परळकरांची दोन-तीन मिनिटं अगदी बरोबर आहेत. फेस लावून लगेच सुरू करू नका, तोंडाला फेस ठेवून तोवर इस्त्री लावा, डबा भरा, काहीही करा.

चहाबिस्किट
आणि ते जीन्सवर उलटा घासला की रेझरला परत धार येते म्हणतात ते? आमच्या हॉस्टेलला एक जण एका रेझरवर सेमिस्टर काढायचा.

लोहभस्म
उडालेला टवका जीन्स परत कुठून आणणार? फार तर वर बसलेला साबणाचा थर निघत असेल. पात्यावर टेफ्लॉनसारखा लेप असतो, नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. तो कापडावर घासून काढायचा आणि वर धार आली म्हणायचं!

परळकर
मी करून पाहिलंय. चिखल निघाल्याने बरं वाटतं, धार आहे तीच. जुना टूथब्रश पाठीमागून फिरवला तर तेच काम होतं आणि जीन्सही वाचते.

लोहभस्म
अजून एक राहिलं. पावसाळ्यात रेझर बाथरूममध्ये ठेवू नका. पात्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असतं म्हणून ते पटकन गंजत नाही, पण अजिबात गंजत नाही असंही नाही. आपल्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही, तर दोन पात्यांमधलं पाणी काय वाळणार? झटकून, डोकं वर करून खिडकीत ठेवा. टॉवेलने पुसू नका. धारही जाते आणि टॉवेलही.

सीए_आर्टिकल
माझी केस वेगळी आहे. केस कुरळे. दाढी केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुळ्या, काहींत आत केस वळून बसलेला दिसतो. तीनपातीने सगळ्यात जास्त. क्लायंटकडे जाताना कॉलर घासते, जीव जातो. घरचे म्हणतात महागातला घे. घेऊ का?

वस्तरा
थांबा, महागातला घेऊ नका. आमचं लालबागला सलून आहे, वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. असे गळे रोज येतात.

पाती जास्त असली की पहिलं पातं केस धरून जरा वर ओढतं आणि मागचं तो कापतं. कापलेला केस मग कातडीच्या खाली जाऊन बसतो. हात फिरवला तर मखमल, जाहिरातीत दाखवतात ती हीच. पण केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेरची वाट सोडून आतच वळतो, कातडीत घुसतो आणि पुळी. म्हणून तुमच्यासारख्याला एकच पातं. तो पिवळा तुमच्यासाठीच आहे म्हणा.

दुसरं, गळ्यावरचे केस गालासारखे सरळ खाली जात नाहीत. दाढी दोन दिवस वाढू द्या, मग बोटाने चाचपा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं ती सुलटी. बऱ्याच जणांचे कंठाच्या एका बाजूला केस आडवे, कानाकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला वरच्या दिशेने. लोक मात्र सगळीकडे खालून वर ओढतात, एका बाजूला सुलटा पडतो, दुसरीकडे आडवा. एकाच बाजूला पुळ्या येतात म्हणतात त्याचं कारण हे.

तिसरं, कातडी ताणा, पण बेताने. आम्ही गिऱ्हाइकाची मान मागे टेकवून अंगठ्याने कातडी जरा वर घेतो. घरी आरशासमोर तुम्ही मान ताठ करून वर बघता तेवढ्यानेच ती ताणली जाते. तुमच्या गळ्याला अजून ओढलंत तर केस पुन्हा आत जाईल. छोटे छोटे हात मारा, अर्ध्या बोटाएवढे, आणि प्रत्येक हातानंतर पातं धुवा. लांब एकच हात मारायचा तो गालावर, दाखवायला.

उलटा हात गळ्यावर अजिबात मारू नका. गालावर मारा हवा तर, दुसऱ्यांदा फेस लावून. पुळ्या बऱ्या होईस्तोवर दाढीच नको, नुसता ट्रिमर फिरवा. बऱ्या झाल्याच नाहीत तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा, न्हाव्याला नको.

परळकर
वस्तरा, ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. आत्ताच चाचपून पाहिलं. माझे डाव्या बाजूचे केस चक्क तिरके आहेत. इतकी वर्षं त्यांच्याशी उभं भांडण चाललंय.

ठाणेकर
वस्तराभाऊ, सलूनमध्ये तुम्ही अर्धं पातं लावता ना? तेही एकपातीच झालं की.

वस्तरा
हो. दुहेरी धारेचं पातं पाकिटातच मोडायचं, एक अर्धं वस्तऱ्यात, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकाला. आजोबांच्या काळी एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून सगळ्यांना चालायचा. एड्सची भीती पसरली तसे लोक खुर्चीत बसल्या बसल्या "नवीन ब्लेड टाक" म्हणायला लागले, ते अजून म्हणतात. आम्हीही समोरच पाकीट फोडतो, म्हणजे प्रश्नच नको.

रात्रपाळी
नव्या ब्लेडवरून लिहिते. मी नर्स आहे. घरात एकमेकांचा रेझर वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, "आपलीच माणसं" म्हणून. बारीक कापतंच, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस तग धरतो. रेझर दहा रुपयांचा आहे, प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

आमच्याकडे पूर्वी ऑपरेशनच्या आदल्या रात्री असेच रेझर घेऊन पेशंटची जागा साफ करायचो. आता शक्यतो केस काढतच नाहीत, काढायचेच झाले तर क्लिपरने. रेझरच्या न दिसणाऱ्या ओरखड्यांतून जंतू शिरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत रेझर नको असं स्पष्ट लिहिलंय. घरच्या दाढीला घाबरवत नाहीये. पण पिकलेल्या पुळीवरून रेझर फिरवताना हे आठवा.

आणि एक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दाढी करायला मात्र हे हलके रेझर मला आवडतात. सासऱ्यांची मीच करते. दुसऱ्याच्या गालावर जड रेझरचा अंदाज येत नाही. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन आधी गालावर ठेवायचा, दोनदा बदलायचा. दात नसले की गाल आत जातात, तिथे पातं चालत नाही. त्यांना तोंडात हवा भरून फुगा करायला सांगते, नाही जमलं तर हातमोजा घालून आतून बोटाने गाल बाहेर घेते. ते रागावतात, पण झाल्यावर आरसा मागतात.

अंजिरी
रात्रपाळी ताई, हे वाचून नवऱ्याला आत्ताच्या आत्ता पाठवलं. आमच्याकडे उलटं आहे, माझा रेझर तो पळवतो! कारण सांगते. बायकांचे म्हणून गुलाबी रेझर मिळतात, तसलंच डोकं, तसलीच पाती, दांडा जरा गोल आणि किंमत जास्त. मी सरळ पुरुषांचा निळा दोनपाती आणते. हातापायांना झकास. पायाचे केस दाढीसारखे राठ नसतात, त्यामुळे तो टिकतोही जास्त. फक्त गुडघा वाकवून करा, सरळ पायावर गुडघ्याच्या खळगीत हमखास कापतं. क्रीम नसेल तर केसांचा कंडिशनर चालतो. तुम्ही पुरुषांनी गालाला लावून बघितलाय का?

परळकर
नाही, पण उद्या बघणार. वास कसला असतो ते आधी बघतो, ऑफिसला जायचंय.

कांदाभजी
श्रावण पाळणाऱ्यांनी काय करायचं? महिनाभराचं जंगल असतं. मागच्या वेळी सोमवारी वेळ होता तर सलून बंद, म्हणून निळा घेऊन बसलो. अर्ध्या गालातच रेझरने मान टाकली.

वस्तरा
जंगलाला आधी कात्री किंवा ट्रिमर. केस तीन-चार दिवसांच्या खुंटाएवढे झाले की मगच रेझर. आणि त्यातही एकपाती, चिखलाचा प्रश्न येत नाही. श्रावण संपल्याच्या आठवड्यात आमच्याकडे रांग असते ती उगाच नाही.

ओला_सुका
सगळं झालं, फेकायचं कसं ते कुणी बोललंच नाही. नाव यूज अँड थ्रो आहे म्हणून थेट कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. सोसायटीत कचरा वेगळा करणाऱ्या बायका पिशवीत हात घालतात, पुढे देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर वेचणारेही. पातं प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेलं, त्यामुळे भंगारवाला घेत नाही, ना तो लोखंडात जमा ना प्लॅस्टिकात. आमच्याकडे पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलीय. वापरलेले ब्लेड आणि मोडून काढलेली रेझरची डोकी त्यात. भरला की झाकणावर चिकटपट्टी, वर ठळक "ब्लेड आहेत" लिहायचं आणि सफाई कामगाराच्या हातात सांगून द्यायचा. दांडे सुक्यात.

ह्या बाबतीत मी ठाणेकरांच्या बाजूने. एका माणसाचा वर्षाचा ढीग डोळ्यांसमोर आणा, प्लॅस्टिकच प्लॅस्टिक.

परळकर
हा मुद्दा झोंबला, आणि ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. डबा आजच करतो. ठाणेकर, तुमच्या त्या धातूच्या रेझरचा भाव काय सध्या? (सहज विचारतोय.)

ठाणेकर
हा हा. साधा भारतीय तीन-चारशेत येतो. आलात लायनीवर.

सीए_आर्टिकल
अपडेट. पुळ्या बसेपर्यंत ट्रिमर फिरवला, मग पिवळा एकपाती, फक्त सुलटा हात. घोटून नाही झाली, जवळून बघितलं तर गळ्यावर हिरवट छटा दिसते. पण कॉलर टोचत नाही आणि नवी पुळी एकच. नंतर तुरटी फिरवली, चरचरली पण बरं वाटलं. वस्तरादादा, ती हिरवट छटा घालवायला काय करू?

वस्तरा
काही करू नका. क्लायंट तुमच्या गळ्याला भिंग लावून बघत नाही.

विरारवासी
आरओच्या पाण्याचा फेस आला! दादरएवढा नाही, पण येतो. लोहभस्म, आभार.

आता पुढचा प्रश्न. गणपतीला आम्ही सगळे भाऊ गावी एकाच घरात. पंधरा माणसं, एक न्हाणीघर, एक आरसा. मी डझनभर पिवळे घेऊन जाणार आहे, पण खिडकीत सगळे सारखे पिवळे दांडे. रात्रपाळी ताईंचं वाचल्यापासून धास्ती आहे. कुणाचा कुठला कसं ओळखायचं?

कांदाभजी
दांड्यावर नावाची चिठ्ठी, वर सेलोटेप.

रात्रपाळी
पहिल्याच दिवशी पाण्याने सुटेल. दांड्याला वेगवेगळ्या रंगांचे रबर गुंडाळा, आणि खिडकीत एकत्र नको, प्रत्येकाने आपापल्या पिशवीत कोरडा करून ठेवा.

अंजिरी
वहिनींकडून नेलपॉलिश घ्या. दांड्याच्या बुडाला एकेक ठिपका, पाण्याने जात नाही. थोरल्यांपासून रंग वाटत या, जांभळ्यावरून भांडण होईल तेवढं सांभाळा.

वस्तरा
ठिपका बुडालाच हां. डोक्याजवळ लावलात तर पात्यावर ओघळेल. आणि गावी विहिरीचं पाणी असेल तर आधी फेस करून बघा.